घरीच असते

माण तालुक्यातली एक वस्ती, मे महिना, दुपारचे अडीच. पत्र्याच्या सपरात कारभारी खाटेवर बसलेले, मी समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवर टॅबलेट. घरात माणसं किती, वयं काय, शिकलंय कोण किती, असं विचारत विचारत मी त्यांच्या बायकोच्या नावापाशी आले.

"त्या काय काम करतात?"

"ती? ती काय नाय करत. घरीच असती."

हे वाक्य पुरं होईपर्यंत ती बाई डोक्यावर मक्याच्या वैरणीचा भारा घेऊन आमच्या बाजूनं गोठ्याकडे गेलीसुद्धा. तिनं ऐकलं असणार. पण तिनं मान वळवली नाही, बहुधा वळवता येत नव्हती.

"घरीच असते" या उत्तराला माझ्या टॅबलेटमध्ये एक कोड आहे, ९२. म्हणजे फक्त घरकाम. तो दाबला की बाई देशाच्या श्रमशक्तीतून बाहेर. ती कामकरी नाही आणि बेरोजगारही नाही, हिशेबातच नाही. दिवसभरात अशी पाच-सहा घरं करायची असतात, ऊन मी म्हणत असतं, शेवटची एसटी साडेपाचला असते. ९२ दाबायचा मोह मला झालेला आहे, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी दाबला नाही, एवढंच.

"जनावरं किती?"

"दोन म्हशी, एक गाय. चार शेरडं."

"धारा कोण काढतं?"

"तीच की."

"डेअरीला दूध जातं?"

"सकाळचं पाच-सहा लिटर जातं."

"आणि खुरपणीला?"

कारभाऱ्यांच्या आता लक्षात आलं. ते हसले. "तीच जाती. मग ती कामाला हाय म्हणा की मॅडम."

९२ऐवजी २१ टाकला. २१ म्हणजे घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणारी. त्या दिवशी देशात एक स्त्री कामकरी वाढली. तिच्या दिवसात तसूभरही फरक पडला नव्हता.

मी फील्ड इन्व्हेस्टिगेटर आहे. कंत्राटी. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयानं एप्रिल २०१७मध्ये पीएलएफएस, म्हणजे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण सुरू केलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी लागले. पेपरात "बेरोजगारीचा दर इतका टक्के" अशी बातमी येते ती याच सर्वेक्षणावरून. २०२३-२४च्या फेरीत देशभरातली १,०१,९२० कुटुंबं आणि ४,१८,१५९ माणसं होती. एवढ्या मोठ्या देशाला ही चार लाख माणसं म्हणजे शितावरून भात, पण शितं कशी निवडायची याचं शास्त्र पक्कं आहे. गाव निवडलेलं येतं, आम्ही तिथली घरं मोजून लिस्टिंग करतो, २०२४पर्यंत घरात दहावी झालेली माणसं किती यावरून गट पाडायचो आणि त्यातून आठ घरं निघायची. या दहावीच्या प्रश्नावर लोक फार चिडायचे. "आमी शिकलो न्हाय म्हणून आमाला काय मिळणार न्हाय का?" मिळणार कुणालाच काही नसतं. हे सांगितलं की चहा मिळायचाही बंद होतो.

घरातली माहिती गोपनीय ठेवायची असते, म्हणून या लेखात कुणाचं नाव नाही.

आता थोडी पाटीवरची गणितं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एका वाड्यात दहा मोठी माणसं आहेत असं धरा. सहा कामाला जातात. एक जण काम शोधतोय, मिळत नाही. उरलेल्या तिघांत एक कॉलेजात, एक आजी आणि एक "घरीच असते". श्रमशक्ती म्हणजे काम करणारे अधिक काम शोधणारे किंवा मिळालं तर करायला तयार असणारे, म्हणजे सात. सहभागाचा दर ७० टक्के. बेरोजगारीचा दर काढताना मात्र भागायचं दहानं नाही, सातानं. सातात एक, म्हणजे १४ टक्क्यांच्या थोडा वर. आता तो शोधणारा पोरगा कंटाळला आणि मिळालं तरी नको म्हणून, शोधायचं सोडून ओट्यावर मोबाइल बघत बसला. श्रमशक्ती सहावर आली आणि बेरोजगारी शून्यावर. वाड्यात एकही नोकरी आली नाही, पण बातमी चांगली झाली.

हा आकड्याचा खोटेपणा नाही. आकडा त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर देतो. आपण मात्र ते भलत्याच प्रश्नाचं समजून बसतो. बेरोजगारीचा दर "किती जणांना काम नाही" हे सांगत नाही. काम नाही, तरी शोधत राहणं ज्यांना परवडतं, असे किती आहेत ते सांगतो.

म्हणून तर २०२३-२४मध्ये गोव्याचा दर ८.५ टक्के होता आणि मध्य प्रदेशचा जेमतेम १ टक्का. गोव्यातली पोरं रोजगारासाठी मध्य प्रदेशातल्या झाबुआला निघाली आहेत असं कुणी ऐकलंय का? गोव्यात बाप पेन्शनवर, भाऊ बोटीवर किंवा आखातात, घर स्वतःचं, तर पदवी झालेली मुलगी मनाजोगती नोकरी मिळेपर्यंत दोन वर्षं थांबू शकते. झाबुआच्या मजुराला दोन दिवस थांबता येत नाही. तो मिळेल ते करतो, आणि मिळेल ते करणारा माणूस बेरोजगार नसतो.

"काम" कशाला म्हणायचं याचेही नियम आहेत. वर्षाच्या हिशेबात माणूस जास्त काळ काय करत होता ते बघायचं, आणि शिवाय महिनाभर, म्हणजे ३० दिवस तरी दुसरं काही काम केलं असेल तर तेही धरायचं. आठवड्याच्या हिशेबात नियम आणखी सैल. मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलेलं असलं तरी माणूस कामकरी. हे ऐकून लोक हसतात. पुण्यात मजूर अड्ड्यावर सकाळी सातला डबा घेऊन उभा राहणारा माणूस सातांतले पाच दिवस डबा तसाच घेऊन घरी जातो, पण माझ्याकडे तो कामकरीच. एक तासाची ही कसोटी जगभर आहे. देशात जे काही पिकलं-बनलं त्यातला प्रत्येक हात मोजला जावा, म्हणून ती ठेवलेली. पण डबा घेऊन परत गेलेले ते पाच दिवस पेपरातल्या टक्केवारीत दिसत नाहीत. दोन हिशेबांतला फरक बघा. २०२३-२४मध्ये वर्षाच्या हिशेबानं बेरोजगारी ३.२ टक्के आणि आठवड्याच्या हिशेबानं ४.९ टक्के. २०२५पासून दर महिन्याला आकडा येतो तो आठवड्याच्या हिशेबाचा. तो वार्षिक आकड्याशेजारी ठेवून "बेरोजगारी वाढली" म्हणणारे विद्वान टीव्हीवर पाहिले की मी आवाज बंद करते.

१९७० साली प्रा. मो. ला. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं सांगून ठेवलं होतं की आपल्यासारख्या देशात, जिथे निम्मे लोक स्वतःच्याच शेतात किंवा धंद्यात राबतात, तिथे बेरोजगारीचा एकच आकडा काढून चालणार नाही. आमच्या शेड्यूलमधले, म्हणजे प्रश्नावलीतले, कोड बरेचसे त्या विचारातून आलेले आहेत. समितीचं ऐकून आपण कोड ठेवले आणि पेपरात आकडा एकच छापला.

म्हशीपाशी परत येते, कारण सगळी मेख म्हशीपाशी आहे. नियमाप्रमाणे म्हैस पाळणं, तिची धार काढणं हे काम, मग दूध घरी प्यायला असो वा डेअरीला. त्याच दुधाचं घरच्यासाठी तूप कढवलं की ते घरकाम. तेच तूप शेजारणीला विकलं की पुन्हा काम. डोंगरातून सरपण आणलं, रानातून फुकट पाला आणला, घरापुरती गोधडी शिवली की कोड ९३, म्हणजे घरकाम आणि वर थोडं काही, पण श्रमशक्तीबाहेर. स्वयंपाक, धुणं, सासऱ्यांची पथ्यं, पोरांचा अभ्यास तर बाहेरच. बाई दिवसभरात या रेषेच्या आत-बाहेर पंधरा वेळा जाते. रेष कुठे आहे हे तिला माहीत नसतं. तिला एकच वाक्य शिकवलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तेही तिच्या तोंडून येत नाही. घरातला एक माणूस सगळ्यांची उत्तरं देतो. दुपारी घरी जो सापडतो तो देतो. आणि दुपारी खाटेवर कोण सापडतं ते मी वर सांगितलंच.

आता या सगळ्यातला मोठा आकडा. २०१७-१८मध्ये १५ वर्षांवरच्या बायकांपैकी २३.३ टक्के श्रमशक्तीत होत्या. २०२३-२४मध्ये ४१.७ टक्के. सहा वर्षांत ही केवढी उडी! पुरुष याच काळात ७५.८वरून ७८.८वर आले, म्हणजे जागच्या जागी. ग्रामीण बायका २४.६वरून ४७.६वर गेल्या. शहरातल्या २०.४वरून २८वर. म्हणजे लाट आली ती खेड्यातून आली.

यावर अर्थशास्त्रज्ञांत दोन तट आहेत. एक म्हणतो, बायका खरंच कामाला लागल्या. बचत गट आले, घरात गॅस आणि दारात नळ आल्यानं वेळ वाचला. दुसरा म्हणतो, काम होतंच, आता नीट विचारायला लागलात म्हणून दिसतंय. आणि जे नवं आहे ते हौसेचं नाही, नडीचं आहे. मला विचारलं तर दोन्ही खरं आहे, पण दुसऱ्या तटाकडे माझं पारडं झुकतं. विचारायला आम्ही शिकलो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्या वर्षी मी स्वतः जितके ९२ टाकले तितके चौथ्या वर्षी टाकले नाहीत. प्रशिक्षणात "बायकांना खोदून विचारा" हे वाक्य दर खेपेला जरा जास्त जोरात म्हटलं जायचं.

आणि नडीचं म्हणाल तर २०२० आठवा. एप्रिल ते जून २०२०, लॉकडाउनची तिमाही. शहरातली बेरोजगारी आठवड्याच्या हिशेबानं जवळपास २१ टक्क्यांवर गेली. मुंबई-पुण्याची माणसं गावी परतली. २०१८-१९मध्ये देशातले ४२.५ टक्के कामकरी शेतीत होते, २०२०-२१मध्ये ४६.५ टक्के झाले. पुढे शहरं उघडली, पण २०२३-२४लाही शेतीतला वाटा ४६.१ टक्केच होता. आपण शाळेत शिकलो की देश पुढे जातो तशी माणसं शेतीतून कारखान्यात जातात. इथे गाडी उलटी फिरली आणि तिथेच थांबली. घरात पुण्याहून येणारे पैसे आटले की बाई आणखी दोन शेरडं घेते, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, शिलाई मशीन बाहेर काढते. ही वाढ आकड्यात "सहभाग" म्हणून येते. शब्द तसा देखणा आहे.

ग्रामीण कामकरी बायकांत स्वयंरोजगाराचा वाटा सहा वर्षांत ५७.७वरून ७३.५ टक्क्यांवर गेला. स्वयंरोजगार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कर्ज काढून बेकरी टाकणारी बाई येते. टॅबलेट उघडून बघितलं तर त्यात बहुतेक ११ आणि २१ असतात. म्हणजे एकटीनं चालवलेलं काहीतरी, किंवा नवऱ्याच्या शेतात बिनपगारी. देशातल्या कामकरी बायकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त अशा बिनपगारी मदतनीस आहेत. दर महिन्याला हातात पगार पडणारं काम त्या प्रमाणात वाढलेलं नाही.

आदिवासी पाड्यांवर मला खोदून विचारावं लागत नाही. तिथे बाईच सांगते, मोहफुलं वेचली, भात लावला, वीटभट्टीवर गेले. सहभाग त्यांचाच सगळ्यांत जास्त असतो. जसजसं घर चार पैसे पाहतं आणि वरच्या जातींच्या चालीरीती उचलतं तसतशी बाई आत जाते. गावात "तिला बाहेर जायची गरज नाही" हे अभिमानानं सांगतात. बाई घरी असणं हे त्या घराचं प्रगतिपुस्तक असतं. मुस्लिम मोहल्ल्यांत शिवणकाम, जरी, अगरबत्ती असं घरातलं काम पुष्कळ, पण दारातला पुरुष ते "टाइमपास" म्हणून सांगतो. पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज येत असतो.

बीड जिल्ह्याचं मात्र वेगळंच. दिवाळीच्या आसपास गेलं तर ओळीनं घरांना कुलपं. म्हातारी आणि शाळेतली पोरं तेवढी मागे. बाकी गाव ऊसतोडीला गेलेलं, ते मार्च-एप्रिलमध्ये येणार. घर बंद असलं की नियमाप्रमाणे बदली घर घ्यायचं. अशी बदली घरं घेत मी एक गाव पुरं केलं आणि रात्री मुक्कामी विचार करत बसले की आज आपण नेमकं कुणाला मोजलं.

पुढे उन्हाळ्यात एक जोडपं सापडलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्याला, आणि घेतो नवरा. तोडणी टनावर. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते, त्याआधी पहाटे तीनला उठून भाकऱ्या. एक दिवस गेली नाही की खाडा. माझ्या टॅबलेटमध्ये मात्र प्रत्येक माणसाच्या कमाईचा वेगळा रकाना. उचल एक, रकाने दोन. मी नवऱ्याला विचारलं, दोघांचं वेगळं कसं लिहू? तो म्हणाला, "सगळं माझ्याच नावावर लिवा, घेतली मीच." ती चुलीपाशी बसली होती. तिकडूनच म्हणाली, "अर्धा कोयता माझा लिवा ताई."

लिहिला.

आता उलटं टोक. वाकडकडची एक सोसायटी, अकरावा मजला. शहरात तेव्हा एकाच घरी दर तिमाहीला एकदा असं चारदा जायचो, त्यामुळे वर्षभर एक घर बघायला मिळायचं. पहिल्या भेटीत बाई आयटी कंपनीत. एम.ई. झालेली, नवऱ्यापेक्षा एक इयत्ता जास्त. कोड ३१, नियमित पगारी. दुसऱ्या भेटीत बाळंतपणाच्या रजेवर, तरी ३१च. तिसऱ्या भेटीत नोकरी सुटलेली, पण मुलाखती चालू होत्या. मी विचारलं, उद्या काम मिळालं तर जाल? "आत्ता जाईन." कोड ८१, बेरोजगार. चौथ्या भेटीत दार तिनंच उघडलं, कडेवर बाळ. पाळणाघराचे दर, येण्याजाण्याचा दीड तास, सासूबाईंची शस्त्रक्रिया. शोधायचं थांबवलं होतं. ९२.

वाड्यातला तो पोरगा आठवतो ना? तिसऱ्या तिमाहीत तिनं देशाची बेरोजगारी कणभर वाढवली आणि चौथ्या तिमाहीत तेवढीच कमी केली. शहरातल्या बायकांचा दर माझ्या डोळ्यांसमोर त्या एका दारात वर-खाली झाला.

जाता जाता तिनं मला विचारलं, "तुमच्याकडे दिवसाचे तास नाही विचारत?" विचारतात, पण ते वेगळं सर्वेक्षण आहे. वेळेच्या वापराचं. २०२४च्या त्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घरकामात घालवतात असं आलं, पुरुष ८८. आणि ८८ हे घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचं, सगळ्या पुरुषांचं नव्हे. मी तिला तेव्हा त्याआधीच्या पाहणीतला असाच आकडा सांगितला, तर तिचा नवरा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "मी तेवढं करतो बरं का." ती म्हणाली, "मिनिटं मोजलीस का?"

तरुणांचं मी शेवटी ठेवलं, कारण ते माझ्या घरातलं आहे.

माझा धाकटा दीर बी.एस्सी. झाला आणि पुण्याला सदाशिव पेठेत अभ्यासिकेत जाऊन बसला. एमपीएससी. सहा वर्षं. अभ्यासिका ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा जरूर बघावी. ट्यूबलाइट, पंख्याचा आवाज, ओळीनं फळकुटाचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक मान खाली घातलेला मुलगा आणि समोर चिकटवलेलं पोलीस उपनिरीक्षकाचं किंवा तहसीलदाराचं स्वप्न. जाहिरात येईना, आली तर परीक्षा पुढे, झाली तर निकाल कोर्टात. २०२४च्या पोलीस भरतीत राज्यात सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. त्यात पदवीधर, इंजिनिअर किती असतील ते मैदानावर पहाटे धावणाऱ्यांना विचारा.

अशा मुलाला कोड कोणता? मी विचारते, अर्ज केलायस का? हो. उद्या काम मिळालं तर करशील? इथे गडी घुटमळतो. "कसलं काम?" तलाठ्याचं असेल तर आत्ता, डिलिव्हरीचं असेल तर नाही. शेड्यूलमध्ये "कसलं काम" असा रकाना नाही. बहुतेक वेळा ८१ होतो.

म्हणूनच आपल्याकडे शिक्षण वाढतं तशी बेरोजगारी वाढते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४मध्ये भारताच्या रोजगारावर अहवाल काढला. त्यात २०२२ सालचा हिशेब आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के, पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. जवळपास नऊपट. ऐकणारा लगेच म्हणतो, मग शिकवायचंच कशाला. अहो, अडाणी पोरगा सुखात आहे असं नाही. तो वयाच्या सतराव्या वर्षी सेंट्रिंगच्या कामाला लागला, त्याला वाट बघायची चैन नव्हती. पदवीधर वाट बघतो, कारण आईबापांनी अर्धा एकर विकून त्याला वाट बघायला बसवलेलं असतं. केरळमध्ये सगळे शिकलेले, तिथे २०२३-२४मध्ये तरुणांतली बेरोजगारी जवळपास ३० टक्के. शिक्षण बेकार बनवत नाही. शिक्षणानं अपेक्षा जेवढी वाढवली तेवढ्या नोकऱ्या निघाल्या नाहीत, इतकंच.

देशभरात १५ ते २९ वयाच्या मुलांतली बेरोजगारी २०१७-१८मध्ये १७.८ टक्के होती, २०२३-२४मध्ये १०.२ झाली. चांगली बातमी आहे आणि ती मी खोटी म्हणणार नाही. पण ती कशी झाली हे मला आमच्या घरातून ठाऊक आहे. सहाव्या वर्षी सासऱ्यांनी पैसे पाठवायचं थांबवलं. दीर परत आला. कॉलेजच्या फाटकासमोर दहा बाय बाराचा गाळा घेतला, एक जुनं झेरॉक्स मशीन, वह्या, पेनं, परीक्षेचे फॉर्म भरून देणे. कोड ८१चा ११ झाला. बेरोजगारी कमी, स्वयंरोजगार जास्त. देशातल्या कामकऱ्यांत स्वयंरोजगारवाल्यांचा वाटा २०१७-१८मध्ये ५२.२ टक्के होता, २०२३-२४मध्ये ५८.४. नियमित पगारवाल्यांचा २२.८वरून २१.७ झाला. त्या सहा-सात टक्क्यांतलं एक झेरॉक्सचं दुकान मी रोज बघते. गंमत म्हणजे तिथे सगळ्यात जास्त खप भरतीच्या फॉर्मांचा आणि प्रश्नपत्रिका-संचांचा.

गेल्या वर्षी माझं कंत्राट संपलं आणि नव्याची ऑर्डर येईना. "येतेय, येतेय" असं करत दोन महिने गेले. टॅबलेट जमा केला होता. घरात बसून काय करायचं, म्हणून मी दुपारी दिराच्या गाळ्यावर जाऊ लागले. तो जेवायला आला की मी मशीनवर. पन्नास कॉप्या काढ, आधार कार्ड दोन्ही बाजूंनी, मागे पोरींची रांग, "काकू, कलर आहे का?" दिवसाला तासभर, कधी दीड. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, घरचंच दुकान.

एका संध्याकाळी गाळ्याचं शटर ओढता ओढता सवयीनं मी स्वतःचं शेड्यूल भरलं. वर्षाचा हिशेब, दहा महिने पगारी, ३१. रजा, भविष्यनिर्वाह निधी, लेखी करार हे पुढचे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं मी नेहमी लोकांकडून घेते. आठवड्याचा हिशेब, सात दिवसांत एक तासाहून जास्त काम केलं, घरच्या धंद्यात, बिनपगारी. २१. माणच्या त्या बाईचा कोड. काम शोधत होते, रोज फोन करून ऑर्डरचं विचारत होते, तरी दोन्ही हिशेबांत मी बेरोजगार नव्हते.

घरी आले तर सासूबाई ओसरीवर शेजारच्या काकूंशी बोलत होत्या. काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, "सूनबाईंची नोकरी चालू आहे ना अजून?"

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या, "सध्या घरीच असते."

मी चपला काढल्या आणि चहा ठेवायला आत गेले.